धाकटीच्या खोलीचा पडदा

३ मार्च
आलो एकदाचे! दोनच खोल्या, पण भिंती कोऱ्या करकरीत. मला इथल्या शाळेत नोकरी लागली. धाकटी बहीण सोबत आहे. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, अजून नुसत्या सावल्या दिसतात. डॉक्टरांनी बजावलंय, उजेड लागला तर डोळे जातील. तिला सांभाळ, एवढंच आई निघताना म्हणाली. तिच्या खिडकीला तात्पुरता पुठ्ठा लावलाय. आता आधी पडदा. सामान सोडायच्या आत टेप शोधणारी जगात तू एकटीच, असं धाकटीचं म्हणणं.

५ मार्च
फुलाफुलांचं कापड फार आवडलं होतं, पण उजेडासमोर धरलं तर पलीकडची बोटं दिसली. शेवटी जाड, गडद निळं घेतलं. दुकानदाराने वैतागून विचारलं, बाई, पडदा निवडताय की नवरा?

८ मार्च
लावला. पुठ्ठा काढला, खोलीत छान काळोख. खालची दुमड आईच्या पद्धतीने कच्च्या टाक्यांवर ठेवलीय. टांगलेलं कापड आपल्याच वजनाने थोडं उतरतं; ते उतरू द्यायचं, मग पक्की शिलाई. सध्या जमिनीपासून बोटभर वर आहे.

११ मार्च
पडदा उतरला नाही, वर गेलाय. वीतभर. काढून टेबलावर मोजला, तर माप जसंच्या तसं. पुन्हा टांगला, पुन्हा आखूड. आईला फोन केला. ती म्हणाली, अगं, कापड कशावरून तरी जात असेल, मागे कट्टा आलाय का बघ.
कट्टा नाही. भिंत सपाट आहे.

१३ मार्च
मधला भाग फुगलाय. मागे हात घातला, काहीच नाही. पण कापड कोमट लागलं.
धाकटी आज रुसून बसली होती. म्हणे, दुपारी लवकर येतेस आणि पडद्यामागे उभी राहतेस, हाक मारली तरी ओ देत नाहीस, ही कसली थट्टा?
दुपारी मी वर्गावर असते.
हसले फक्त.

१४ मार्च
रजा टाकली. तिला माझ्या खोलीत आणलं. माझ्या खिडकीवर चादर दुहेरी करून ठोकली. तो पडदा पेटीत, पेटीला कुलूप. तिला म्हटलं, तुझ्या खोलीत ओल आहे. खोटं बोलले.

१५ मार्च
चादरही वर गेलीय.
म्हणजे कापडात काही नव्हतं. ते आमच्या मागोमाग—
चादर काढू? भर ऊन आहे. तिचे डोळे—
पुठ्ठा कुठे ठेवला मी?

नंतर
टेबलाशी बसलेय. चादरीवरून नजर काढत नाही. वहीकडे न बघताच लिहितेय.
खांदा. खांद्यासारखं काहीतरी—
आत्ता चादर एकदम खाली सुटली. सपाट. मागे काही उरलं नाही. म्हणजे ते आता—
पलंगावरून धाकटी कुरकुरतेय, ताई, हात सोड ना, किती घट्ट धरलायस—
मी टेबलाशी आहे. मी इथे टेबला