नोल्मोंगीच्या घरचं दूध

आईला सिलांतोईचा नमस्कार. गुरं-पोरं सुखात ना?

मी बरी आहे. आपल्या नि पलीकडच्या, दोन्ही कुळांच्या बायका मिळून आम्ही मधमाश्या पाळतोय. पहिला मध नारोकच्या बाजारात हातोहात खपला.

माझ्या जोडीला पलीकडच्या कुळातली नोल्मोंगी आहे. गुरांवरून झालेल्या मारामारीत परमुआतदादाच्या बाणानं तिच्याच नवऱ्याचा पाय गेला. ती रोज मला दूध द्यायची. मी कोणाची बहीण हे लपवून ते प्यायचे.

काल न राहवून सांगितलं. म्हणाली, "अगं, पहिल्याच दिवशी ओळखलं. नाक भावाचंच की! पी गुमान."

मग हळूच म्हणाली, "मधमाश्यांच्या पेट्या झाडावर चढवायला यांना आता जमत नाही. येईल का गं तुझा भाऊ?"

दादाला तूच विचार, आई. मला अजून तिच्याकडे वर बघवत नाही.

तुझीच,
सिलांतोई