तळमजल्यावरची क्वार्टर

३ फेब्रुवारी
साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, सुपरिंटेंडंटच्या जागेसाठी फॉर्म भरा; नियमाने तीन नावं लागतात, तुमच्यावाचून अडलंय. बावीस वर्षं आवक-जावक सांभाळली, अखेर कदर झाली! सुपरिंटेंडंटला तळमजल्यावर क्वार्टर मिळते. आम्ही चौथ्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्यांपायी बायको आठ महिन्यांत खाली उतरलेली नाही. काळजी मिटली.

५ फेब्रुवारी
उरलेले दोघे: बिलिंगच्या मॅडम आणि स्टोअरकीपर. मॅडमचं आत्तापासूनच अभिनंदन चाललंय. उतावळे लेकाचे! स्टोअरकीपर म्हणाला, आपण दोघं अंडरडॉग. त्याने स्वतःपुरतं बोलावं.

९ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून रोज दोन तास नियमावली वाचणार.
६.२०. डोळे चुरचुरतात. उद्यापासून.

१४ फेब्रुवारी
नियमावली, पान चार. मॅडमना पेन्शनचे नियम कळेनात. तासभर समजावले. मन मोठं असावं माणसाचं. अभ्यास बुडाला, तो त्यांच्यामुळे.

१८ फेब्रुवारी
बायकोला सामान बांधायला सांगितलं. म्हणाली, आधी निकाल तर लागू दे. माझा आवाज चढला. मग वाईट वाटलं. तिला म्हटलं, खाली दारात खुर्ची टाकून देईन, रस्ता बघत बस.

१९ फेब्रुवारी
घरी आलो तर चार खोकी तयार! सुतळीने घट्ट आवळलेली, वर तिच्या अक्षरात ‘भांडी’, ‘कपडे’. फळीवर भांडी अजून दिसतात. रोजची असतील.

२५ फेब्रुवारी
इंटरव्ह्यू. मॅडम पाऊण तास आत, मी चार मिनिटं. अनुभवी माणसाला विचारणार काय? हजेरीच्या कागदावर सही केलीत ना, एवढंच विचारलं. मॅडमना पेन्शनवरच प्रश्न आला. बाहेर येऊन त्यांनी माझे आभार मानले.

२८ फेब्रुवारी
मॅडम.
साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी आणखी एक जागा निघेल, तुम्ही आहातच. म्हणजे मी त्यांच्या डोक्यात पक्का आहे.
घरी बायकोला सांगवेना. खोकी सोडायला घेतली. पहिलं उचललं तर हातात वजनच नाही. रिकामं. दुसरंही. चारही.
ती भिंतीला धरून उभी होती. म्हणाली, तुम्ही इतके उमेदीत होतात, नाही म्हणवेना.
तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.
सुतळ्या नीट गुंडाळून ठेवल्या. पुढच्या वर्षी लागतील.