साडेसहाशे वॉट

८ जानेवारी
कामगार कॅम्पातल्या खोलीत ब्रेकर पडला! टोस्टर आणि केटल एकदम लावल्यामुळे. सिक्युरिटीची डेनीज दारात उभी राहून म्हणाली, "पहिली वेळ म्हणून सोडते. पुन्हा पाडलास तर थेट घरच्या विमानात." म्हणजे नोकरी खलास. घरी न्यूफाउंडलंडात परत जाऊन करू काय? मासे तरी उरलेत का तिथे!

१२ जानेवारी
कॉम्प्युटरचे भाग आले. शिफ्ट संपली की भिंतीकडे बघत बसायला मी काय कैदी? पॉवर सप्लाय मुद्दाम तीनशे वॉटचा मागवला. दुकानदार म्हणे मोठा घे. हो, आणि ब्रेकर पाडू? शहाणा!

१५ जानेवारी
जोडला. चालू! गेम लावला — फट्! कॉम्प्युटर बंद, ब्रेकर शाबूत. चारदा तेच.

१६ जानेवारी
शेजारच्या खोलीतला फॉन्स आला. आमच्याच खाडीतला, चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन, पेन्शनला चार महिने बाकी. तीनशेचा आकडा वाचून इतका हसला की कवळी हातात आली.
"लेका, ट्रकची टाकी मोठी म्हणून ट्रक जास्त डिझेल पितो का?"
"नाही."
"मग? मशीन मागेल तेवढंच हा ओढणार. ग्राफिक्स कार्ड किती?"
"दोनशे वीस."
"प्रोसेसर?"
"सव्वाशे."
"बाकी किरकोळ साठेक धर. कर बेरीज."
नववीत शाळा सोडली ती याच्याचसाठी! केली. चारशेच्या आसपास.
"आता वर दम घ्यायला जागा ठेव, कार्ड मधेच उसळी मारतं. साडेसहाशे. आणि चांगला घे. स्वस्तातला लेबलवर हजार लिहितो आणि पाचशेला धूर काढतो."

२४ जानेवारी
साडेसहाशेचा आला. तीन तास रेस खेळलो. ब्रेकर जागच्या जागी! फॉन्सला डोनट दिला. म्हणे, "एकच?"

२६ जानेवारी, रविवार
अंधार! दोन्ही खोल्यांत — आमचा ब्रेकर एकच. बाहेर आलो तर बलोनी सॉसेजच्या चकत्या तळल्याचा वास, आणि दारात फॉन्स, हातात उलथनं! खोलीत विजेची शेगडी म्हणजे हकालपट्टी, हे नव्यांना तोच सांगतो!
"पंधराशेची आहे," तो पुटपुटला. "दर रविवारी लावतो. कधी काही झालं नाही रे..."
पंधराशे, वर माझे चारशे. ब्रेकर पेलतो अठराशे. आता बेरीज आपोआप होते, मसणात जावो म्हातारा.
डेनीज टॉर्च घेऊन आली. "कोणाचं काय चालू होतं?"
उलथनं पाठीमागे धरून फॉन्सने तोंड उघडलं.

२७ जानेवारी
विमानतळ. त्याच्या आधी मीच बोललो — "माझा कॉम्प्युटर." डेनीजला सर्दी होती, तळणाचा वास आला नाही; आणि नुसत्या चारशेने ब्रेकर पडत नाही एवढी बेरीज तिला येत नाही. सकाळी फॉन्सने माझं खोकं बसपर्यंत वाहून आणलं, उणे तीसमध्ये, सपाता घालून. खोक्यावर दोन डोनट ठेवले. फॉन्स!