वजा केलेला पाया

सर, आज दुपारी सारसोळ्याला तुमच्या घरी जाऊन आले. वहिनी आता भिंत धरून चालतात. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी तुमचा चष्मा टीव्हीशेजारीच आहे. घरी येऊन हे लिहायला बसले.

महाप्याची आपली लॅब आठवते. फायबरच्या वेटोळ्यांत इन्फ्रारेड प्रकाश फिरतोय, डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि मी ती वेटोळी हळूहळू पिळत बसले आहे, कधीतरी त्या अखंड प्रकाशाचे अतिसूक्ष्म, एकसारखे पल्स होतील म्हणून. ते जमले की कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या फ्रीक्वेन्सी मिळणार होत्या. तुम्ही दारातून विचारायचात, "झाला का कंगवा? टक्कल वाट बघतंय माझं!" मी वैतागायचे, "सर, तुम्ही नुसते शिंकलात तरी बिघडेल हो!"

प्रोजेक्टच्या रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी पल्स मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर सुईसारखं टोक आलं. तुम्ही लहान मुलासारखे हसलात. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एकाने विचारलं, "या टोकाखाली पाया तर नाही ना?" खऱ्या पल्सचं टोक एकटं उभं असतं. विस्कळीत प्रकाशाच्या गोंगाटातूनही तसंच टोक निघतं, पण त्याच्याखाली रुंद पाया पसरलेला असतो. तिथेच पुन्हा मोजलं. पाया होता. तुम्ही उभे राहून म्हणालात, "मोजणी मी तपासली होती. चूक माझी." प्रोजेक्ट गेला. तुम्हाला स्टोअर्सच्या कोपऱ्यात टेबल मिळालं. जिन्यात तुम्हीच माझी समजूत घातलीत, "अगं, नाही दिसला पाया. होतं असं. रडतेस काय?" पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

आज चहाचा कप पुढे करत वहिनींनी विचारलं, "खरं सांग गं, त्यांच्या हातून एवढं काय चुकलं होतं? शेवटपर्यंत मान खाली घालून जेवायचे."

सर, पाया मला दिसला होता. टोक आलं त्याच संध्याकाळी, तुम्ही घरी गेल्यावर मी टोकाच्या दोन्ही बाजूंना लांबपर्यंत मोजणी घेतली, तेव्हाच. मशीनची पार्श्वभूमी असेल असं स्वतःला समजावून मी तो आकड्यांतून वजा केला, कारण तुमचा इतका खुललेला चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, गप्प राहणं हेसुद्धा खोटंच. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. वाचू शकतील त्या वहिनी. आणि त्यांना मी म्हणाले, चहा छान झालाय.