पानं उलटणारी

सोमवार, ३
पोहोचले एकदाची! सध्या पाचही बोटं तुपात आहेत. बावीस तारखेला मोठ्या सभागृहात माझा पियानोचा कार्यक्रम, आणि तोवर सरावाला हे घर. वरच्या मजल्यावर उजेडाची खोली, खिडकीशी काळा ग्रँड पियानो, कालच सूर लावून घेतलेला. वीस वर्षं नाचाच्या वर्गात ‘एक-दोन-तीन, वळा’ वाजवून झालं. सेहेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी विचारलंय. हे हुकलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही.

घर एका नावाजलेल्या वादकाचं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते गेले, मागे बहीण राहिली. त्या ताई. सत्तरीच्या, गोड बोलणाऱ्या. कार्यक्रमांत भावाशेजारी बसून त्यांनी चाळीस वर्षं नोटेशनची पानं उलटली. आता संधिवाताने बोटं आखडलीत, साधं पान उलटत नाही म्हणाल्या. कॉफीच्या बरणीचं झाकणही मीच उघडून दिलं. त्यांची अट एकच: मास्तरांच्या वहीतूनच वाजवायचं आणि त्यांचे पेन्सिलीचे आकडे पुसायचे नाहीत.

बुधवार, ५
आकडे म्हणजे कुठला सूर कुठल्या बोटाने, ते. अंगठ्याला १, करंगळीला ५. मास्तरांनी जिकडेतिकडे ४ लिहून ठेवलाय. चौथं बोट, अनामिका, कुणाचंही लंगडंच असतं. माझं तर जन्माचं आळशी. शेवटच्या पानावर दोन सूर भराभर आलटूनपालटून वाजवायची एक जागा आहे, ती सगळी ४ आणि ५ वर. चाळीस वेळा वाजवली, चाळीस वेळा अडखळले. नाचता येईना अंगण वाकडं, असं स्वतःलाच सुनावलं. मग डोकं फिरलं. खोडरबर घेतलं आणि वहीतले सगळे ४ पुसून ३ लिहिले. दुसऱ्याचे आकडे प्रत्येक वादक पुसतो. त्यात काय एवढं?

शुक्रवार, ७
सकाळपासून दोन्ही हातांच्या अनामिका बधिर. चिमटा काढला तरी कळत नाही. डॉक्टरांनी सुया टोचून पाहिलं. नसा ठणठणीत आहेत, सराव कमी करा म्हणाले. सराव कमी करा! पंधरा दिवसांवर कार्यक्रम आलाय आणि हे शहाणे मला विश्रांती सांगतात.

घरी येऊन मुकाट्याने ४ परत लिहायला बसले. त्या जागी पेन्सिल उमटतच नाही. तीन पेन्सिली बदलल्या, कागद फाटायला आला, आकडा काही येत नाही. रडले. रागानेच.

रविवार, ९
खाली अंघोळ करत होते तेव्हा वरून पियानो ऐकू आला. तीच शेवटच्या पानावरची जागा, एकदाही न अडखळता. ओल्या केसांनी वर धावले. ताई खुर्चीत बसलेल्या, हात शालीखाली. धूळ पुसायला आले होते म्हणाल्या. पट्ट्यांवर खोडरबराचा चुरा होता.

वहीत एकही ५ उरलेला नाही. ते मी पुसलेले नाहीत.

मंगळवार, ११
करंगळ्याही गेल्या. सहा बोटांनी काय वाजवू, कपाळ?

ताईंना सगळं कबूल केलं, ४ पुसले म्हणून. रागावल्या नाहीत. पाची बोटं सारखी नसतात, एखादं नसलं तरी चालतं म्हणाल्या. माझा हात हातात घेऊन किती वेळ कुरवाळला. मग उठल्या आणि कॉफीच्या बरणीचं झाकण स्वतः फिरवलं. सहज.

शुक्रवार, १४
वही कपाटात कोंडली होती, किल्ली माझ्या गळ्यात. तरी सगळे ३ गेले. मधली बोटं— लाकडं नुसती.

ताईंनी सफरचंद सोललं. साल एकसंध, लांबच लांब. बोट दिलं की हात धरतात, ते हेच. संयोजकांना फोन केला, मदत करा म्हटलं. ते म्हणाले, ताईंशी बोलणं झालंय, कार्यक्रम होणारच, काळजी नको. माझा कार्यक्रम आहे तो! माझा!

सोमवार, १७
वहीत फक्त १. अक्षर वेडंवाकडं येतंय— दोन अंगठ्यांत पेन्सिल धरलीय. पळून जायचं ठरवलं. दाराची मूठ गोल आहे. अंगठ्यांनी फिरत नाही. ओरडले. वर पियानो चालू होता, कुणाला ऐकू जाणार—

गुरुवार, २०
दिवसभर वाजवतात. काय वाजवतात! माझ्यापेक्षा— लिहवत नाही.

शनिवार, २२
गाडी आलीय खाली. ताईंनी माझ्या काळ्या झग्याची बटणं लावली, भराभर, दहाही बोटांनी. चाळीस वर्षं भावाच्या बोटांकडे बघत बसले, म्हणाल्या. मलाही वाजवायचं होतं, कुणी विचारलंच नाही.

मी शेजारी बसायचं. पानं उलटायची. त्याला अंगठा पुरतो म्हणे, आणि शेवटचं पान उलटलं की तोही—