आवाज काढून देतो

नांदेड, ता. ९ जानेवारी

तीर्थस्वरूप ग्यानोबादादा यांस धाकट्या बजरंगचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नसल्याने खुर्चीतूनच घातला आहे, गोड मानून घे). तुझी पाठ कशी आहे? वहिनींची साखर? लातूरला नळाला पाणी आता किती दिवसांनी येतं? इकडे महादेवी ठीक आहे आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे मीही ठीक आहे. कागदावर लिहितोय कारण मोबाइलवर लिहिलं की तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस.

सृष्टीच्या लग्नाची पत्रिका मोबाइलवर मिळाली. खाली तुझी एकच ओळ होती, वरातीसाठी आबांची लाल गाडी आठ दिवस आधी पाठव. माणसांबद्दल काही नव्हतं. गाडी दोन सीटची आहे, नवरानवरी बसले की काकाला जागा उरत नाही, हे मला कळतं. पण ती अजून का निघाली नाही ते सविस्तर सांगणं भाग आहे.

गेल्या पाडव्याला तू ती मला दिलीस (लातुरात पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं गंजल्यावर, पण दिलीस), तेव्हाही तिला तो आवाज होताच. चाळीसच्या वर गेली की पुढून टक, मग जरा थांबून टक-टक. आबा बिलोलीच्या कोर्टात वकिली करायचे तेव्हापासूनचा आहे तो. हैदराबादच्या नवाबजाद्याकडून घेतलेली उघड्या टपाची विलायती गाडी, म्हणून आबा सगळ्यांना सांगायचे की पानवाल्या घरातून आलीय, सुपारी कातरायची सवय सुटत नाही. लोक हसायचे. मीही हसायचो. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

शेजारचे निवृत्त एसटी ड्रायव्हर केंद्रेमामा म्हणाले, इंजिनातले टॅपेट ढिले झालेत. टॅपेट सेट केले. नायगावच्या एका नामांकित मिस्त्रीने पेचकसाचं एक टोक इंजिनला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटले, आणि बेरिंग गेल्याचं अशा स्वरात सांगितलं की मला आत नातेवाइकांना बोलवावंसं वाटलं. इंजिन उतरवलं, बेरिंग बदलली. आवाज होता तसाच, उलट नव्या बेरिंगांवर तो जास्त खणखणीत ऐकू यायला लागला. महादेवी शेजारी बसून येताजाता एकच सांगत होती, "आवाज इंजिनात न्हाई. माझ्या पायाला लागायलाय." मी तिला म्हटलं, तुला इंजिनमधलं काय कळतं. (हे वाक्य मी आता मागे घेतलं आहे. स्वयंपाकघरात, उभ्याने.)

मग देगलूर नाक्याचे जिलानीभाई. फार सज्जन माणूस. म्हणाले, "टेंशन कायको घेता सर, आवाज काढून देतो." नेमकं त्याच दिवशी त्यांना सोयऱ्यांकडे जावं लागलं, म्हणून त्यांनी गॅरेज सांभाळणाऱ्या जावेदला फोनवर सांगितलं की सरच्या गाडीचा आवाज काढून ठेव. आता हा जावेद आयुष्यभर बुलेटवाल्यांची कामं करत आलेला. त्याच्या धंद्यात आवाज काढणे या शब्दांना एकच अर्थ आहे. त्याने सायलेन्सर कापून टाकला आणि जागी मनगटाएवढी नळी बसवली. मी चावी फिरवली तशी समोरच्या टपरीवरच्या माणसांनी कप खाली ठेवले. चौकात पोलिसाने अडवलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि पावती न फाडता एवढंच म्हणाला, "काका, ह्या वयात?" जावेदला जाब विचारला तर तो निरागसपणे म्हणतो, "सर, आवाज काढा बोलले, काढला. कमी वाटायला का?"

एक मात्र झालं, त्या गडगडाटात टक-टक ऐकू येईना. परत आल्यावर जिलानीभाईंनी यालाच इलाज म्हणायचं ठरवलं. मीही म्हणणार होतो, पण महादेवीच्या पायाला ते तरीही लागतच होतं. शेवटी मी स्वतः तिच्या पायापुढचा पत्रा खोलला. मागे इंजिनाच्या भिंतीला लागून एक खोबण आहे. त्यात आबांचा पितळी अडकित्ता पडला होता. मोराच्या डोक्याचा.

मी आठवीत होतो, तुला आठवत असेल. अडकित्ता सापडेना, आणि आबांनी ठरवलं की मी तो भंगारवाल्याला देऊन टॉकीज गाठली. मारलं नाही. फक्त म्हणाले, ह्याच्या हाती वस्तू टिकत न्हाई. तेवढं वाक्य मला जन्माला पुरलं. त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही आणि तुला गाडी देतानाही हेच वाक्य म्हटलं. धोंडाबाई आत्या शहाऐंशीची झाली, पण मी तिच्या घरून निघालो की अजून चमचे मोजते.

दादा, अडकित्त्याच्या पात्यात हॉर्नच्या लाल वायरीचा तुकडा अडकलेला आहे. त्याच आठवड्यात तू आबांना चोरून गाडी नायगावच्या बाजाराला नेली होतीस. वाटेत हॉर्न गेला आणि हातात पक्कड नसताना तू वायर जोडलीस, ही शौर्यकथा तू मला सांगितलीस, मग वहिनींना, मग सृष्टीला. पक्कड कुठली होती ते मला परवा कळलं. हातातून निसटला असेल, हात पोचला नसेल, मी समजू शकतो. पण आबांनी मला अंगणात उभं केलं तेव्हा तू दारात होतास. तू आवाज काढला नाहीस. मला याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतंय. आणि आबा बिचारे पुढची वीस वर्षं स्वतःचाच अडकित्ता ऐकत गाडी चालवत राहिले.

वहिनींना नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद.

तुझा,
बजरंग

ता. क. नळी काढलेली नाही. वरातीला बँड सांगितला असशील तर नाही म्हणून कळव.

ता. क. दुसरा : लग्नाला मी आणि महादेवी येणार आहोत, पत्रिकेत असो वा नसो. अडकित्ता मी सुपारीच्या तबकात ठेवून धोंडाबाई आत्यापुढे धरीन. ती विचारेल, कुठं सापडला. तेव्हा मी गप्प राहणार आहे, तू सांगायचंस. कबूल असेल तर गाडी आठ दिवस आधी दारात उभी राहील. नसेल तर तिचा आवाज अजून गेलेला नाही असं समज आणि दुसरी बघ. आत्याला हल्ली कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्याने.