रॅमची रिकामी जागा

हिंगोली, गुरुवार, १२ ऑगस्ट २००४. संध्याकाळ.

आज घरचा कॉम्प्युटर चालूच होईना. बटण दाबलं की नुसते लांब बीप आणि पडदा काळा. टाइप केलेले चाचणीचे पेपर आत अडकले, म्हणून स्वतःच झाकण उघडलं. सगळीकडं धूळ, आणि रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्यांपैकी एक गायब. तेवढीच जागा स्वच्छ. उरलेली पट्टी अर्धवट बसली होती, ती दाबल्यावर मशीन चालू झालं. पडद्यावर मेमरी १२८ एमबीच्या जागी ६४.

रविवारी फक्त वनिता आली होती, आणि त्यानंतर मशीन आजच चालू करत होते. बारा वर्षं एकाच शाळेत शिकवतो आम्ही, कॉम्प्युटरचा क्लासही सोबतच केला. "हळू चालून राहिला व्हय? बघते मी," म्हणाली. मी आत तिच्यासाठीच भाकरी करत होते.

किती वेळ त्या स्वच्छ जागेकडं बघत बसले. मग सरळ तिच्या घरी गेले. तिनं नाकारलं न्हाई.

"पोरीच्या प्रोजेक्टला माझं मशीन सारखं अडकत होतं."

"मग मागितली काहून न्हाईस?"

"तू दिली असतीस, बराबर. मग आणखी एक उपकार झाला असता तुझा."

आणखी एक? म्हणजे इतकी वर्षं मी जे प्रेमानं केलं, ते ती मोजत होती?

ती पट्टी काढायला उठली. मी म्हणाले, "राहू दे. दिली तुला."

तिचा चेहरा एकदम उतरला. मला तेच पाहिजे होतं. लिहिताना लाज वाटते, पण इथं तरी खोटं कशाला लिहू.